पॉलिश मशीन घेताना

मांडवीच्या खाऱ्या वाऱ्याने आणि वाळूने गाड्यांचा रंग लवकर निस्तेज होतो. म्हणून गाडी-पॉलिशचा धंदा सुरू करू पाहणाऱ्या तरुणांना आम्ही सांगू इच्छितो की, केवळ किंमत पाहून मशीन घेऊ नये. रंगावरचा पारदर्शक थर साधारण ४०-५० मायक्रॉनचा, म्हणजे कागदाहूनही पातळ असतो. ‘रोटरी’ मशीन एकाच जागी रेंगाळले तर तो जळतो. नवशिक्याने ‘ड्युअल अ‍ॅक्शन’ घ्यावे. त्यात जोर जास्त पडल्यास पॅडचे फिरणे थांबते व रंग वाचतो. वेग कमी-जास्त करता यावा. पॅड आणि दुरुस्ती रत्नागिरीतच मिळेल का, हे आधी विचारावे. पॅड-कंपाउंडचा खर्चही भांडवलात धरावा. मशीनवर वाचवलेले पैसे गिऱ्हाइकाच्या एका जळालेल्या बॉनेटच्या भरपाईत जातात.