गाठ साधी, मग वयात येण्याची घाई का?

प्रश्न : मुलगा ६ वर्षांचा. उंची झपाट्याने वाढतेय, आवाज फुटलाय, जांघेत केस आलेत. एमआरआयमध्ये मेंदूत ‘हॅमार्टोमा’ दिसला. कर्करोग नाही म्हणतात. मग गाठ काढून का टाकत नाहीत?
– एक आई, नाशिक रोड

उत्तर : ताई, ही गाठ जन्मजात असते. ती पसरत नाही आणि सहसा वाढतही नाही. त्रास होतो तो तिच्या जागेमुळे. हायपोथॅलॅमसला लागून असलेल्या या पेशी जीएनआरएच हे संप्रेरक सोडू शकतात. त्याने पिट्युटरी ग्रंथी वेळेआधीच कामाला लागते आणि मुलगा ९ वर्षांच्या आत वयात येऊ लागतो. जागा नाजूक असल्याने केवळ एवढ्यासाठी सहसा शस्त्रक्रिया करत नाहीत. ल्युप्रोलाइडसारखी इंजेक्शने दर महिन्याला किंवा तीन महिन्यांनी देऊन ही प्रक्रिया थोपवता येते. योग्य वयात इंजेक्शने बंद केली की वयात येण्याची प्रक्रिया पुन्हा सुरू होते. ‘उंची तर वाढतेच आहे, मग उपचार कशाला?’ असे कुणी म्हणेल. पण हाडांची टोके लवकर जुळली की वाढ खुंटते आणि मूल शेवटी बुटके राहते. म्हणूनच डाव्या हाताच्या एक्स-रेवरून हाडांचे वय पाहतात.

कारण नसताना हसण्याचे झटके येत असतील, तर ती याच गाठीमुळे येणारी फिट असू शकते. न्यूरोलॉजिस्टना लगेच दाखवा. डोकेदुखी, उलट्या, अंधूक नजर हीही अंगावर काढू नका. बालग्रंथिविकारतज्ज्ञांना भेटा, मुंबईच्या केईएम रुग्णालयातही ग्रंथिविकार विभाग आहे. घाबरू नका, पण उपचार लांबवू नका.