पत्रिका पोराच्या हातात देऊन निघू नका

शेजाऱ्यांशी पैशावरून किंवा जागेवरून वाद झाला तर तो निदान उघड असतो. रीत चुकल्याचा राग मात्र कुणी बोलून दाखवत नाही, तो मनात मुरत जातो. भिवंडीतल्या कामतघरात इतकी वर्षं राहून मी हे जवळून पाहिलं आहे. म्हणून नव्यानं इकडे राहायला येणाऱ्यांसाठी चार गोष्टी सांगते.

भिवंडीच्या यंत्रमागांनी कुठून कुठून माणसं इथे आणली. आमच्या कामतघरात आणि पद्मानगरात तेलंगणातून आलेली पद्मशाली कुटुंबं पुष्कळ आहेत. विणकाम हा त्यांचा पिढीजात धंदा, मार्कंडेय ऋषींना ते आपला मूळपुरुष मानतात. त्यांची मुलं सफाईदार मराठी बोलतात, गणपतीत आपल्याइतक्याच हौसेनं नाचतात. त्यामुळे आपण धरून चालतो की त्यांच्या रीतीही आपल्यासारख्याच असणार. घोळ तिथेच होतो.

आमच्या आळीतल्या एका मराठी घरी मुलीचं लग्न ठरलं. थोरला मुलगा पत्रिका वाटायला निघाला. शेजारच्या तेलुगू घराचं दार त्यांच्या लहान नातवानं उघडलं. त्याच्या हातात पत्रिका देऊन, ‘सगळ्यांनी यायचं हं’ म्हणून हा पुढच्या दारी गेला. आपल्याकडे घाईगर्दीत हे चालून जातं. तेलंगणी घरात मंगलकार्याचं बोलावणं करायला घरच्या बायका येतात, त्या घरच्या बाईला कुंकू लावतात आणि तोंडानं ‘या’ म्हणतात. एवढं झालं नाही, तर पत्रिका कितीही भारी असो, बोलावणं झालंच नाही असं धरतात.

लग्नाला त्या घरातून कुणी आलं नाही. मराठी आईला वाटलं, एवढा जुना शेजार आणि अक्षता टाकायलाही फिरकले नाहीत. तेलुगू आजींना वाटलं, पोराच्या हाती कागद देऊन आपली बोळवण केली. दोघींनी आपापलं दुःख माझ्यापाशी सांगितलं आणि दोघींचंही खरं होतं. मग दिवाळसणाला जावई येणार होता, तेव्हा मी त्या आईला म्हटलं, या वेळी तुम्ही स्वतः करंडा घेऊन जा. ती गेली, आजींना कुंकू लावलं, वाकून नमस्कार केला. आजी तर आल्याच, शिवाय सुनांनाही घेऊन आल्या. मधले कितीतरी महिने मात्र दोन्ही घरांनी विनाकारण कडूपणात काढले.

दुसरी काळजी घ्यायची ती तिथीची. सर्वपित्री अमावास्या आपल्याकडे पितरांची, त्या दिवशी आपण शुभकार्य करत नाही. त्याच दिवशी त्यांच्याकडे बतुकम्मा सुरू होते. तरवड, कुरडू, झेंडू अशा फुलांचे थर ताटात रचतात, वर हळदीची गौरम्मा बसवतात आणि बायका भोवती फेर धरून टाळ्यांच्या ठेक्यावर गातात. आपला भोंडला ज्यांनी खेळला आहे त्यांना हे परकं वाटायचं कारण नाही. २०१४मध्ये तेलंगणानं या सणाला राज्याच्या सणाचा मान दिला. तेव्हा पितरांच्या दिवशी ही गाणी कसली, असं म्हणून खिडक्या लावून घेऊ नका. सांगतेला दही, चिंच, लिंबू, खोबरं, तीळ घातलेले भात घरी येतील. ते दोन्ही हातांनी घ्या.

तिसरी गोष्ट ताटाची. दसऱ्याला आपण आपट्याची पानं सोनं म्हणून देतो, ते शमीची पानं सोनं म्हणून देतात आणि थोरांच्या पाया पडतात. इथवर सगळं जुळतं. पण आपल्या अनेक घरांत त्या दिवशी श्रीखंड-पुरी असते आणि तेलंगणात दसऱ्याला मटण शिजवण्याची पद्धत आहे. प्रेमानं पाठवलेला डबा दारातून परत गेला की देणाऱ्याला अपमान वाटतो, आणि घेणाऱ्याला घरातला नेम मोडल्यासारखं होतं. यावर उपाय सोपा आहे. सण यायच्या आधी, गप्पांच्या ओघात सांगून ठेवा की आमच्याकडे अमुक दिवशी चालत नाही, दुसऱ्या दिवशी मी स्वतः मागून खाईन. नवरात्र, श्रावण, गुरुवार, जे पाळत असाल ते सांगा. आधी सांगितलेल्या नेमाचा कुणाला राग येत नाही.

चौथी गोष्ट मागावरच्या माणसांची, मग ती कुठल्याही भाषेची असोत. खडखडाटात बारा बारा तास काम केलेला माणूस घरीही मोठ्यानंच बोलतो. तो भांडतो आहे असं समजू नका. रात्रपाळी करणारा दुपारी झोपलेला असतो. दार वाजवायच्या आधी त्याची पाळी कुठली ते माहीत करून घ्या.

या लहानसहान गोष्टींना मी एवढं महत्त्व देते, कारण गैरसमजाची किंमत या गावानं मोजलेली आहे. भिवंडीनं १९७० आणि १९८४च्या दंगली पाहिल्या. त्यानंतर पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी इथे मोहल्ला समित्या उभ्या केल्या. वेगवेगळ्या समाजाची माणसं पोलिसांसोबत नेमानं एकत्र बसू लागली, एकमेकांना नावानं ओळखू लागली, वाद लहान असतानाच मिटू लागले. १९९२-९३मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. शेजारातही तेच करायचं आहे, फक्त घरगुती मापानं.

म्हणून नव्या जागी सामान लागलं की पहिल्या पंधरवड्यातच शेजारच्या घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या बाईंकडे जाऊन बसा. बोलावणं कसं करतात, कुणाच्या नावानं करतात, कोणत्या दिवशी काय वर्ज्य, चप्पल कुठे काढायची, हे सरळ विचारा. विचारलं म्हणून कुणी अडाणी समजत नाही, उलट आपल्या घराची रीत कुणीतरी जाणून घेतं आहे याचा त्यांना आनंदच होतो. आणि उठण्याआधी आपल्या घराच्या रीतीही तितक्याच मोकळेपणी सांगा, कारण तुम्ही त्यांच्याबद्दल जसे अंदाज बांधत असता, तसे तेही तुमच्याबद्दल बांधत असतात.