पाळीच्या कळा आणि ताटातली खनिजे

पिंपरी पेंढार



एंडोमेट्रिओसिसमध्ये गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी बीजकोशावर किंवा ओटीपोटात इतरत्र वाढतात. पाळीत तिथेही रक्तस्राव आणि दाह होतो. प्रोस्टाग्लँडिन ही द्रव्ये वाढून गर्भाशय आवळते आणि कळा येतात. खनिजांचा संबंध या आवळण्याशी, दाहाशी आणि अंगावरून जाणाऱ्या रक्ताशी आहे. वाढलेल्या पेशी मात्र कोणत्याही खनिजाने विरघळत नाहीत.

मॅग्नेशियम स्नायू सैल करते. पाळीच्या साध्या दुखण्यात त्याचा आणि जस्ताचा थोडा उपयोग लहान चाचण्यांत दिसला आहे. एंडोमेट्रिओसिसबाबत पुरावा तोकडा आहे. युरोपातील ‘एश्रे’ संस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शिकेतही आहाराची ठाम शिफारस नाही. त्यामुळे गोळ्या-पावडरींच्या महागड्या डब्यांपेक्षा घरचे जेवण बरे.

जुन्नर-आंबेगावच्या स्वयंपाकात ही खनिजे आहेतच. १०० ग्रॅम बाजरीत सुमारे १२० मिलिग्रॅम मॅग्नेशियम असते, आणि स्त्रीची रोजची गरज ३७० मिलिग्रॅम धरली जाते; म्हणजे तेवढ्या पिठाच्या दोन भाकऱ्यांत जवळजवळ तिसरा हिस्सा भरतो. मासवडीच्या सारणातल्या तिळात मॅग्नेशियम, कॅल्शियम, जस्त तिन्ही असतात. मासवडी रोज कोण करणार, पण तिळाची चटणी रोज होते. हुलगे-मटकी भिजवून मोड आणले की खनिजे अडवून धरणारे फायटेट घटते आणि लोह-जस्त अंगी लागते. पानात लिंबाची फोड असावी आणि जेवणानंतर तासभर चहा नसावा. ही दुसरी अट बहुतेक घरांत मोडते.

लोहाचे वेगळे आहे. रक्त जास्त गेले की ते घटते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. लोहाने थकवा उतरतो, कळा नाहीत. गोळी हिमोग्लोबिन तपासूनच घ्यावी, आणि कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नये. मॅग्नेशियमच्या गोळ्यांनी जुलाब होऊ शकतात, मूत्रपिंडाच्या आजारात त्या धोक्याच्या. जस्त फार काळ जास्त घेतल्यास तांबे कमी पडते.

‘लग्न झालं की दुखणं थांबेल’ या सल्ल्याने एंडोमेट्रिओसिसचे निदान वर्षानुवर्षे लांबते. दुखण्यापायी कॉलेज किंवा शेतातले काम बुडत असेल, पाळीत शौचाच्या वेळी दुखत असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जावे. डॉक्टरांनी दिलेल्या वेदनाशामक व हार्मोनच्या गोळ्या आहाराच्या भरवशावर बंद करू नयेत. सोनोग्राफीत काही दिसले नाही, तरी हा आजार नाही असे ठरत नाही.

मावशी