सामाईक खतावणीची उघडझाप

बँकेचा डेटाबेस म्हणजे एक प्रचंड खतावणीच होय. खतावणी एकच, परंतु ती चालविणारे संगणक अनेक, अशी योजना ओरॅकल कंपनीने २००१ साली ‘रिअल ॲप्लिकेशन क्लस्टर्स’ या नावाने आणली. ती सुरू करण्यास क्रम आहे. प्रथम संगणकांचा परस्परसंबंध राखणारे क्लस्टरवेअर जागे होते. मग प्रत्येक संगणक आपली स्मृती मांडतो, नियंत्रण-फाइल वाचतो आणि शेवटी खतावणी उघडतो.

बंद करणे मात्र अधिक जोखमीचे. ‘नॉर्मल’ रीतीत शेवटचा ग्राहक जाईपर्यंत थांबावे लागते. कोणी जागचा हललाच नाही, तर रात्र सरावयाची! म्हणून आम्हांस ‘इमीजिएट’ रीत पसंत आहे. तीत अपुरे व्यवहार मागे घेतले जातात, पुरे झालेले टिकतात. एका खात्यातून शंभर रुपये वजा झाले, पण दुसऱ्यात अद्याप जमा व्हावयाचे आहेत, अशा क्षणी या भेदाचे मोल कळते. ‘ॲबॉर्ट’ने सारे तत्काळ थांबते, निरवानिरव मागाहून फेरनोंदींवरून करावी लागते. एकच संगणक असा कोसळला, तर त्याचा चालू असलेला सोबती त्याच्या फेरनोंदी वाचून ते काम उरकतो. कोसळलेल्या संगणकावरील अर्धवट व्यवहार मात्र पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो.