शेवाळाला कामाला लावा

पुण्याचे कर्वेनगर मुठा नदीच्या काठी आहे. पूर्वी या भागाला हिंगणे बुद्रुक म्हणत. मुठा पुढे मुळेला मिळते. मुळा-मुठा भीमेला मिळते. भीमा उजनीच्या धरणात येते. तेच पाणी सोलापूर शहर पिते. म्हणजे वरच्या गावाने नदीत जे सोडले, ते खालच्या गावाच्या हंड्यात येते.

नदीत काय काय जाते? शहराचे सांडपाणी जाते. वाटेवरच्या शेतांतले खतही जाते. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत सुमारे २१ किलो नत्र असते. पीक ते सगळे घेत नाही. पिकाला भरमसाट पाणी दिले, किंवा खत टाकल्यावर जोराचा पाऊस आला, तर उरलेले नत्र ओढ्याला जाते. मातीबरोबर स्फुरदही वाहून जाते. पैसा आपला, अन् गेला ओढ्यात!

पाण्यातले हे खत कोण खाते? शेवाळ खाते. खत आणि ऊन मिळाले की शेवाळ माजते. पाणी हिरवेगार होते. मग शेवाळ मरते, कुजते. कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो. मासे मरतात. शेवाळाने खाल्लेले खत पुन्हा पाण्यात उतरते.

मग शेवाळ आपले वैरी का? नाही. ते वेळेवर पाण्याबाहेर काढले, तर खाल्लेले खतही त्याच्याबरोबर बाहेर येते. खरी गोम ही आहे.

अमेरिकेत वॉल्टर एडी या शास्त्रज्ञाने १९८० च्या सुमारास एक युक्ती काढली. उतारावर रुंद, उथळ पाट करायचा. त्याच्या तळाला जाळी अंथरायची. वरून घाण पाण्याचा पातळ थर वाहू द्यायचा. उन्हात जाळीवर शेवाळ धरते. आठ-पंधरा दिवसांनी ते खरवडून काढायचे. जाळीला चिकटून राहिलेले शेवाळ पुन्हा वाढते. काढलेले शेवाळ कुजवले की त्याचे खत होते. शेतातून गेलेले शेतात परत आले!

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. तळ्यातले काही निळे-हिरवे शेवाळ विषारी असते. ते विष पाणी उकळूनही जात नाही. असे पाणी पिऊ नका, गुरांनाही पाजू नका.

आणि पाणी मुळात बिघडूच नये, हे सर्वांत बरे. खत मापात द्या. एकदम न देता हप्त्याने द्या. बांध नीट राखा.

प्रश्न
१. शेतातले खत ओढ्यात कसे जाते?
२. शेवाळ पाण्यातच कुजले तर काय होते?
३. तुमच्या ओढ्याचे पाणी पुढे कोणत्या गावाला जाते?