सातबारा, नाव आणि आंतरजाल : परिसर-अभ्यासाचा एक पाठ

न्हावा-शेवा परिसरातील मुलांना जमिनीच्या कागदाचे महत्त्व निराळे सांगावे लागत नाही. बंदरासाठी जमिनी गेल्या. साडेबारा टक्क्यांचा प्रश्न घरोघरी बोलला गेला. म्हणून हा पाठ सातबाऱ्यापासूनच आरंभावा.

पूर्वी उतारा पाहावयाचा तर तलाठ्याकडे जावे लागे. आता महाभूलेख या संकेतस्थळावर जिल्हा, तालुका व गाव निवडले की नुसत्या नावावरूनही तो कोणासही पाहता येतो. यात गैर काही नाही. जमिनीची नोंद उघडीच असावी. परंतु मतदारयादीतील वय व घर क्रमांक, व्हॉट्सॲपवरील छायाचित्र आणि कोणी सहज दिलेला फोन क्रमांक तिला जोडला, की तिऱ्हाईतही घरच्यासारखा बोलू लागतो : "मोबदला मंजूर झाला आहे, फोनवर आलेला आकडा सांगा." आकडा सांगितला की पैसे गेले. हे तुकडे मुलांकडून फळ्यावर जुळवून घ्यावेत. मात्र नाव कल्पित असावे, वर्गातील कोणाच्या घरचे नव्हे.

खरी अडचण पुष्कळदा शाळेतच असते. मुलांच्या जन्मतारखा व आधार क्रमांक यांची यादी घाईघाईत गटावर टाकली जाते. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला, आणि तो मुलांनाही आहे. आधारची प्रत द्यावयाचीच तर पहिले आठ अंक झाकलेली द्यावी.

फसवणुकीची तक्रार १९३० या क्रमांकावर तत्काळ करता येते. तो क्रमांक आठवडाभर फळ्याच्या कोपऱ्यात राहू द्यावा व मुलांनी घरी लिहून न्यावा.