अथीनाची मूर्ती : कांशाची की राळेची?

ग्रीक पुराणकथांतील अथीना ही बुद्धी, युद्धनीती व हस्तकौशल्य यांची देवता. १९५९ साली अथेन्सजवळच्या पायरिअस बंदरात खोदकाम चालू असता तिचा एक प्राचीन कांस्यपुतळा सापडला. उंची सुमारे २.३५ मीटर, मस्तकावर शिरस्त्राण. आज तो तेथील पुरातत्त्व संग्रहालयात आहे. याच देवतेच्या वीतभर उंचीच्या, कांशाच्या रंगाच्या मूर्ती शोभेच्या वस्तूंच्या दुकानांत मिळतात. त्यांतील पुष्कळशा कांशाच्या नसतात. कृत्रिम राळेत धातूची पूड कालवून त्या साच्यात ओतलेल्या असतात. रंग मात्र हुबेहूब! मग ओळखावे कसे?

तुम्ही म्हणाल, आर्किमिडीजचे तत्त्व आहेच की. ठीक. मूर्ती दोऱ्याने ताणकाट्याला टांगा. समजा, ती हवेत ९०० ग्रॅम भरली आणि पाण्यात पूर्ण बुडविल्यावर ४०० ग्रॅम. म्हणजे तिने ५०० ग्रॅम, अर्थात ५०० घन सेंटिमीटर पाणी बाजूस सारले. घनता झाली ९०० ÷ ५०० = १.८. तांबे व कथील यांच्या मिश्रणाने बनलेल्या कांशाची घनता असते सुमारे ८.८. तेव्हा मूर्ती राळेची!

थांबा. हा निकाल घाईचा आहे. मूर्ती पोकळ असून तळ बंद असेल तर? ९०० ग्रॅम कांशाला जागा लागते जेमतेम १०२ घन सेंटिमीटर. उरलेले ३९८ घन सेंटिमीटर आतली हवा असेल, तरीही उत्तर १.८ च येईल. ताणकाट्याने सांगितली ती सरासरी घनता, पदार्थाची नव्हे.

ही शंका केवळ परीक्षेपुरती नाही. ग्रीक कारागीर मोठे पुतळे पोकळच ओतीत. कारण हिशेबाने पाहा. १.७ मीटर उंचीच्या माणसाचे आकारमान सुमारे ६५ लिटर धरू. उंची २.३५ मीटर केली तर आकारमान उंचीच्या घनाच्या प्रमाणात वाढून सुमारे १७२ लिटर होते. एवढे भरीव कांसे दीड टन भरेल! शिवाय जाड ओतीव धातू बाहेरून आधी व आतून मागाहून थिजतो, आकसतो आणि त्यात दोष राहतात. म्हणून मातीचा गाभा, त्यावर मेणाचा थर, त्यावर पुन्हा माती; मेण वितळवून काढले की त्या फटीत कांशाचा रस.

तेव्हा दुसरी कसोटी हवी, आणि ती तुमच्या बोटांतच आहे. मूर्तीला व शेजारी ठेवलेल्या लाकडी ठोकळ्याला स्पर्श करा. दोन्हींचे तापमान खोलीइतकेच असते. पण कांसे बोटांतील उष्णता झपाट्याने ओढून घेते, म्हणून गार लागते. राळ तशी लागत नाही. राळेत धातूचे कण असले तरी प्रत्येक कणाभोवती राळेचे वेष्टण असते आणि उष्णतेची वाट तेथे अडते.

मात्र हा प्रयोग मे महिन्यातल्या दुपारी करू नका. त्वचेचे तापमान असते ३३-३४ अंश सेल्सिअस. खोलीही तितकीच तापलेली असेल तर उष्णता वाहणारच नाही, आणि कांसे व राळ दोन्ही सारखीच लागतील. खोली ४० अंशांवर गेली तर? मग कांसे उलट अधिक गरम लागेल. तेव्हा पहाटेची वेळ उत्तम.